घरतकाकांची तीन वाजताची अटक

आमच्या सोसायटीत ए विंगमधली कुंडी बी विंगमध्ये सापडली तर तिला चोरी म्हणत नाहीत, प्रत्यार्पणाचा प्रश्न म्हणतात. हे घरतकाकांमुळे झालं. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंची मोगऱ्याची कुंडी त्यांना समोरच्या विंगेतल्या एका बाल्कनीत दिसली. त्या तरातरा आणायला निघाल्या, तर काकांनी जिन्यात हात आडवा केला.

"अशी उचलून आनता येनार नाय. आधी लेखी मागनी करा. आनि कुंडी उचलनं हा त्यांच्या विंगेतपन गुन्हा हाय का, ते बगायला लागंल. दोन्हीकडं गुन्हा आसंल तरच आरोपी परत देतात."

बी विंगेत कुंडी उचलणं गुन्हा आहे का, यावर कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या. तोवर मोगरा वाळला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "देशादेशांत वर्षं जातात," ते म्हणाले. "तुमचं महिन्याभरात निकालात निघालं."

मी या सोसायटीची सेक्रेटरी. माहेर साताऱ्याकडचं, पण सीवूड्सला येऊन वीस वर्षं झाली. शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे काका मला आपल्या खात्यातली कनिष्ठ कर्मचारी समजतात. ते स्वतः इथल्याच खाडीकाठच्या गावातले. जहाजांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाकडे त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली. वकीलसाहेब गेल्यावर त्यांच्या मुलाने कायद्याची जाडजूड पुस्तकं रद्दीत काढली, ती काकांनी टेम्पो करून घरी आणली. काकू आता नाहीत. घरात काका आणि जगभरचे गुन्हेगार.

गुन्ह्यांचा इतिहास चाच्यांपासून सुरू होतो, हे आमच्या भाजीवाल्यालाही पाठ आहे. कोथिंबीर निवडता निवडता काका सांगतात, "समुद्र कोनाचाच नाय. मंग तिथं लुटनाऱ्याला पकडनार कोन? म्हनून सगल्या राजांनी ठरवलं, चाचा हा सगल्यांचाच दुश्मन. ज्याला गावंल त्यानं धरावा." हेच तत्त्व त्यांनी एका सर्वसाधारण सभेत पार्किंगला लावलं. मोकळ्या जागेत परकी गाडी दिसली तर कोणत्याही सभासदाने तिची हवा सोडावी, असा ठराव झाला. पहिली हवा सुटली ती चेअरमनच्या जावयाची. ठराव पुढच्या सभेत मागे घेतला गेला. काकांनी त्याची नोंद "मोठ्या राष्ट्रांचा दबाव" अशी केली.

चाच्यांनंतर गुलामांच्या व्यापाराचा धडा. तो सांगताना मात्र ते कोथिंबीर खाली ठेवत. "मानसं विकनाऱ्यांवर कायदा यायला लई उशीर झाला. कारन कायदे करनारेच विकत व्हते."

मग ते फोन यायला लागले. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये नको ते सापडलंय, तुम्हाला घरातल्या घरात अटक केलीय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. सगळी सोसायटी धास्तावली. अनोळखी नंबर दिसला की लोक फोन उशीखाली ठेवत. काका एकटे त्या फोनांची वाट बघत. पलीकडच्या वर्दीतल्या माणसाला ते आधी कलम विचारत, मग त्या कलमाचा इतिहास सांगायला घेत. दोघातिघांनी फोन ठेवून दिले. एकाने मात्र बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "अंकल, आप क्लास खोलो." ही गोष्ट आम्ही महिनाभर एकमेकांना सांगून हसलो.

एका दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी माझी बेल वाजवली. "सेक्रेटरीबाई, जरा घरी या. काय बोलू नका. फकस्त ऐका."

त्यांच्या टेबलावर फोन स्पीकरवर होता, कॅमेरा नाही, नुसता आवाज. एका मुलीचा आवाज हिंदीत दरडावत होता. आप डिजिटल अरेस्ट में हैं, वगैरे. काका समोर बसले आणि चेहरा पाडून म्हणाले, "व्हय म्याडम. घाबरलो मी." मला नवल वाटलं, कारण काका कशाला घाबरल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. पलीकडे कोणाची तरी पावलं लांब गेली. मग तीच मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, फोन ठिऊ नका. तुमी ठिवला की मला शिक्षा म्हनून उभं ऱ्हावं लागतंय."

काकांनी फोनवर तळवा धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ही आमच्या साताऱ्याकडची आहे."

"मंग बरोबर. कालपन आसंच झालं. तिच्या मागं कोन तरी फिरतो. तो आला की हिंदी, गेला की मराठी."

मुलीचं नाव शीतल. वडील वाशीच्या बाजारात हमाल होते, ते वारले. आई तिथेच लसूण निवडायला बसते, घर कोपरखैरण्याला. एका एजंटाने परदेशात कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून नेलं, उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि एका उंच इमारतीत नेऊन ठेवलं. बाहेर पहारा. दिवसभर लोकांना फोन करून फसवायचं, नाही जमलं तर मार. मराठी येते म्हणून तिला इकडच्या नंबरांची यादी दिली होती, पण मॅनेजरला कळावं म्हणून दरडावायचं हिंदीतच. हे सगळं एका दिवसात कळलं नाही. मॅनेजर दुसऱ्या रांगेत जाई तेव्हा दोन वाक्यं, असं चार दिवस चाललं.

गिऱ्हाईक घाबरलेलं असेल, तर तिला त्याच नंबरावर पुन्हा पुन्हा फोन करायची मुभा होती. म्हणून काका घाबरलेले राहिले. रोज तीन वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून ते अटकेत बसायचे. आयुष्यभर ज्यांच्यावर व्याख्यानं दिली, त्या गुन्हेगारांसमोर आता "व्हय म्याडम, चुकलो म्याडम" म्हणायचे. मधल्या दोन वाक्यांत शीतल जे सांगे ते मी वहीत उतरवायची. खिडकीतून नदी दिसते. समोर लाल छपराचं हॉटेल. मजला सहावा.

ती वही घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फोन तीच करते ना? मग आरोपी तीच झाली."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मला पुढचं माहीत होतं. चाच्यांपासून सुरुवात झाली. गुलामांच्या व्यापारावर येईपर्यंत साहेबांचा चहा गार झाला होता. "साहेब," काका शेवटी म्हणाले, "मारून मुटकून गुन्हा करायला लावला, तर त्या मानसाला त्याच गुन्ह्याची शिक्षा करायची नसते. देशांनी बसून हे मान्य केलंय. येवढं येकच शानपन त्यांनी केलंय, ते तरी वाया घालवू नका." साहेबांनी तक्रार लिहून घेतली आणि शीतलच्या नावापुढे 'पीडित' असं लिहिलं. पटलं म्हणून लिहिलं, की पुढचं शतक ऐकायला लागू नये म्हणून, ते सांगता येत नाही.

मग आम्ही बाजारात गेलो. शीतलची आई पोत्यांच्या मध्ये सुपात लसूण घेऊन बसली होती. तिने आधी आम्हालाच फसवे समजलं. "माजी लेक हापिसात कामाला हाय," ती म्हणाली. "फोन न्हाई लागत तिकडनं, एवढंच." पण दुसऱ्या दिवशी ती तीनच्या आधी काकांच्या दारात उभी होती. काकांनी तिला बजावलं, मॅनेजर मागे असेल तोवर श्वासही ऐकू जाता कामा नये.

फोन आला. शीतल हिंदीत ओरडत होती, जेल में सड़ोगे म्हणत होती. आईने पदराचा बोळा तोंडात धरला. काका माना हलवत हो हो म्हणत राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडचा आवाज खाली आला. "गेला तो. बोला काका."

आई फोनवर वाकली आणि एवढंच म्हणाली, "शितले."

पलीकडे खुर्ची करकरली. मग शीतल हिंदीत, अगदी सरकारी आवाजात म्हणाली, "ठीक है. कल फिर इसी टाइम पे."

पण दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, त्यानंतरही नाही. काका तरी तीनला शर्ट घालून बसायचे. आई बाजारातून सुटली की यायची. आम्ही तिघं टेबलावरच्या त्या मुक्या फोनकडे बघत चहा प्यायचो. त्या दिवसांत काकांनी एकही धडा सांगितला नाही.

तीन आठवड्यांनी तिकडच्या पोलिसांनी त्या भागातल्या इमारतींवर धाड घातल्याची बातमी आली. आमच्या वहीचा उपयोग झाला की नाही, कोणी कळवलं नाही. बऱ्याच लोकांना विमानाने परत आणलं, त्यात शीतल होती. इथे तिची दोन दिवस चौकशी झाली. तक्रारीच्या कागदावर आधीच 'पीडित' लिहिलेलं होतं, म्हणून तिला घरी सोडलं.

पुढच्या रविवारी मायलेकी काकांकडे आल्या. मीही होते. शीतल फोनवर वाटायची त्याहून लहानखुरी निघाली. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला आणि विचारलं, "काका, तुमी आमचं ना पै ना पावनं. येवढं कशापायी केलंत?"

मी मनातल्या मनात चाच्यांची तयारी केली. पण काका बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिले.

"माजा धाकटा भाऊ व्हता," ते म्हणाले. "एजंटानं जहाजावर कामाला लावला. झेंडा येका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा. जहाज कुठं गेलं कोनी सांगितलं नाय. बुडालं म्हनावं तर कागद नाय, पलवलं म्हनावं तर कागद नाय. ज्याच्या दारात गेलो, तो म्हनला आमचा संबंद नाय. म्हनून त्या वकिलाकडं नोकरी धरली. म्हटलं, येवढी पुस्तकं हायत, कोनी शोदायचं ते कुठं तरी लिवलं आसंल."

एवढी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

"सापडलं का?" शीतलने विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आजून वाचतोय."

ती उठली आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. "त्यांचं नाव काय, काका?"

"हसुराम," काका म्हणाले. मग शर्टाची कॉलर नीट केली आणि कुठल्याशा ऑफिसच्या खिडकीत सांगावं तसं, सावकाश, पूर्ण नाव सांगितलं. "हसुराम जोमा घरत."