बाबांच्या ट्रॅक्टरचा खोकला

मिस्त्रीने इंजिन सुरू केलं आणि थोरलीचा चेहरा पडला.

"काय झालं ताई? लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा नव्या. पहिल्या झटक्यात सुरू! ऐका तरी."

ऐकण्यासारखं काही नव्हतंच, हीच तर पंचाईत. बाबांचा ट्रॅक्टर दोन शेतं पलीकडून खोकत यायचा आणि आई हातातलं काम टाकून दारात यायची. बाबा गेले, पंधरा दिवसांत इंजिननेही मान टाकली. तेव्हापासून आई 'हो' आणि 'नको' या दोन शब्दांवर दिवस काढत होती. ट्रॅक्टर वाजला की ती बाहेर येईल, या एका आशेवर थोरलीने इंजिन नव्याने बांधून घेतलं होतं. आता ते अंगणात मांजरासारखं गुरगुरत होतं. दार बंदच.

"काका, जुना आवाज परत आणता येईल?"

"आजवर लोक माझ्याकडे आवाज घालवायला आले, ताई."

"तरी?"

तरी म्हणजे इंजिनच्या झडपा हलवणारे टॅपेट सैल झाले. खटखट सुरू झाली. थोरली येरझाऱ्या घालत होती. "असा नाही हो. बाबांचा जरा दमेकरी होता."

सायलेन्सर उतरला. कुंपणापलीकडून चुलते ओरडले, "अहो, तो खट-खट-धाप करायचा!"

"धाप नाही, फुस्स!" धाकटा भाऊ म्हणाला.

"चुलत्याला शिकवतोस? माझ्या भावाचा ट्रॅक्टर!"

"तुमचा भाऊ, पण माझे वडील!"

मिस्त्रीने मध्ये पडून दोन्ही आवाज तोंडाने करून दाखवले. पाच मिनिटांत तीन कर्ते पुरुष गाल फुगवून इंजिन झाले होते आणि खरं इंजिन बंद पडून निमूट ऐकत होतं.

मग मडगार्डचे बोल्ट ढिले झाले. डिझेल फवारणारं एक नोझल मुद्दाम बिघडवताना मिस्त्रीने डोळे मिटून घेतले, "पाप आहे हो हे," म्हणाला आणि पुन्हा सुरू केलं.

खट, खट, धाप... फुस्स. दोघंही बरोबर होते. थोरलीने तोंड धुराकडे फिरवलं. धुराने डोळ्यांत पाणी येतं, हे सगळ्यांना मान्य असतं.

दार धाडकन उघडलं.

"बंद करा ते धूड!" आई पायरीवर उभी होती. "तीस वर्षं रोज इथे उभी राहून सांगितलं, अहो, आधी इंजिनचं बघा! ऐकलं त्यांनी? आणि तू गं? चांगलं झालेलं बिघडवून घेतलंस? बापावर गेलीस, अगदी बापावर! त्या माणसाने जन्मात माझं एक तरी..."

मिस्त्रीचा हात घाईने पुढे गेला. थोरलीने त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या काका," ती हळूच म्हणाली. "बंद केलं तर थांबेल ती."