सावरायला किती वेळ लागला?

बंद पडलेलं इंजिन पुन्हा धडधडू लागलं की आमच्या कापसाच्या जिनातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकत. नामदेवराव फिटर मात्र नेमके तेव्हा खिशातून घड्याळ काढत.

खामगावच्या त्या जिनात मी हजेरी लिहायचो. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे इंजिनावर चालत आणि इंजिनाचं दुखलंखुपलं नामदेवराव पाहत. दुरुस्ती झाली की हात पुसत ते रेच्यांपुढे उभे राहत. पहिल्यासारखी रुई पडेपर्यंत किती मिनिटं गेली, ते खडूनं भिंतीवर लिहीत. मॅनेजर वैतागत, "अहो, सुरू झालं ना?"

"सुरू होनं येगळं, सावरनं येगळं साहेब!" हे ठरलेलं उत्तर.

पुढे हा रोग माणसांवर गेला. एकदा मॅनेजर त्यांच्यावर जाम भडकले. नामदेवराव मान खाली घालून ऐकताहेत, असं आम्हाला वाटलं. ते घड्याळ पाहत होते. मॅनेजरनी चहा मागवला तसे मला म्हणाले, "सात मिनिटं. मागच्या खेपेले अकरा होते. सुधारणा हाये."

मी तापातून उठून कामावर आलो, तर मला न्याहाळून म्हणाले, "आला खरा, पन कोनाची टर उडवून नाही राह्यला अजून. घरी जाय." चिडलो, पण गेलो. अंगात खरंच त्राण नव्हतं.

मग त्यांच्या बायकोला, गोदावहिनींना, लकवा मारला. घरात दोघंच. तीन आठवडे हा माणूस दवाखान्यात स्टुलावर बसून होता. वहिनी खाऊपिऊ लागल्या, पण बोलत नव्हत्या. माणूस ओळखतात की नाही, तेही कळेना. "घर लई चूप हाये रे," एवढंच मला म्हणाले.

एका सकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर वहिनींना तपासत होते. डॉक्टर नवे, मुंबईकडचे. नामदेवरावांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "बाई, यांचं नाव काय?"

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. वहिनींनी चांगल्या हातानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नजर खाली वळवली.

"आठवत नाही त्यांना," डॉक्टर हळूच म्हणाले.

नामदेवराव ताडकन उठले. "आठवते ना साहेब! बावीस वर्सं झाले लग्नाले, नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही तिनं. आज काऊन घेईन? पुरी जागेवर हाये ती!" बोलता बोलता ते ढसाढसा रडू लागले आणि साऱ्या वॉर्डादेखत त्यांनी बायकोचा हात धरला.

वहिनी हात सोडवू पाहत होत्या. मग जड जिभेनं, तुटक तुटक, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"सोडा... लोकं पाहून राह्यले."