कोण ओरडतं ते बघू

कार्यालयातला संगणक मंद चालतो, ही बाब मुख्य लिपिकांनी निदर्शनास आणली तेव्हा साहेबांनी ती गांभीर्याने घेतली, कारण त्यांचा पत्त्यांचा डावही त्याच संगणकावर अडकत होता. मुख्य लिपिकांचं दुखणं वेगळं. बायकोची नोकरी दुसऱ्या गावी, यांची इथे. संसार काय तो सुट्टीपुरता. तिच्या गावी बदली मिळावी म्हणून बिचारे ऑनलाइन अर्ज करून थकले होते. अर्ज पाठवायला गेलं की संगणक हटकून मान टाकी. कसाबसा गेलाच, तर ‘नामंजूर’ मात्र चहा निवायच्या आत परत येई.

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, “पडद्यामागे नेटवर्कच्या ढीगभर सेवा चालू आहेत. कोणी प्रिंटर शोधतंय, कोणी घड्याळ जुळवतंय, कोणी नुसतंच बाहेरून हाक येते का ते ऐकत बसलंय. नको त्या बंद करा.”

“नको त्या कोणत्या?”

“ते तुम्ही ठरवायचं,” असं म्हणून तो गेला.

समिती बसली. सेवांची नावं वाचून कोणालाच ओ की ठो कळेना, पण समितीत तसं म्हणायची पद्धत नव्हती. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. “एकेक बंद करा. कोण ओरडतं ते बघू. ओरडला की चालू करू.”

धोरण ठरलं. ओरड फक्त ऑनलाइन स्वीकारायची, हा नियम आधीपासून होताच.

पहिली सेवा बंद केली, कोणी ओरडलं नाही. दुसरी केली, एकच जण ओरडला. तो नेहमीचाच होता. मग बाहेरून आलेलं आत घेणारी सेवा बंद झाली आणि नेहमीचासुद्धा गप्प झाला. “म्हणजे इतकी वर्षं हे लोक उगाच बोंबलत होते,” साहेब म्हणाले. खिडकीवर लोक खरोखरच ओरडत होते. पण ते विहित नमुन्यात नसल्याने शिपायाने काच ओढून घेतली. मग राहिलेल्या साऱ्या सेवा एकमताने बंद झाल्या.

संगणक सुसाट सुटला. मुख्य लिपिकांनी अर्जाचं बटण दाबलं. चहा निवला, त्यावर साय धरली, ‘नामंजूर’ आलंच नाही. त्यांनी बायकोला फोन लावला.

“अहो, मंजूर झाली का पण?”

“अगं, नामंजूर झाली नाही.”

“म्हणजे मी कपाटात जागा करू की नको, एवढं सांगा.”

“कर,” ते म्हणाले आणि सामान बांधायला लागले.

सामान बांधून झालं, तोच मुख्यालयाचे तपासनीस हार घेऊन हजर. “तुमच्या कार्यालयातून तक्रार नाही, मागणी नाही, अर्ज नाही. असं आदर्श कार्यालय आम्ही पाहिलं नाही. या मुख्य लिपिकांना निवृत्तीपर्यंत इथून हलवायचं नाही, असा आदेश आहे.”

“साहेब, पण माझा बदलीचा अर्ज?”

“कसला अर्ज? आमच्याकडे काही आलेलं नाही. तक्रार असेल तर ऑनलाइन करा.”

मुख्य लिपिकांनी हारासकट तक्रार केली. क्षणात गेली.

हे धोरण आता सगळ्या कार्यालयांना लागू झालं आहे. तुमचाही एखादा अर्ज कुठेतरी गेलेला असेलच, आणि अजून ‘नामंजूर’ आलं नाही म्हणून तुम्ही निवांत असाल. न ओरडता केलेल्या या सहकार्याबद्दल तुमच्या नावे आभाराचं पत्र रवाना झालं आहे. मिळालं नसेल, तर ऑनलाइन कळवावं.