विषय नंतर कळवते

भिंतीवरची पदवी खरी नाही, हे फ्रेमवाल्यांना कळलं त्या दिवशी त्यांची बायको जाऊन एक महिना आणि चार दिवस झाले होते.

काच पुसायला म्हणून त्यांनी फ्रेम खाली घेतली. ती त्यांनीच केलेली. बायको चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाली, तेव्हा दुकानातली सगळ्यात जाड पट्टी त्यांनी तिच्यासाठी कापली होती. फ्रेम उलटी केली आणि त्यांचा हात थांबला. मागचा पुठ्ठा खिळ्यांऐवजी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बसवला होता. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी परक्याच्या फ्रेमलाही असली पट्टी लावली नव्हती. त्यांनी ती सोलली, कागद बाहेर काढला, शिक्क्यावर बोट फिरवलं. शिक्का बोटाला लागेना. कागद झेरॉक्स होता. रंगीत, पण झेरॉक्स.

लोकांना कागदाची जात नुसत्या बोटाने सांगणारा माणूस महिनोन् महिने त्या झेरॉक्सखाली बसून जेवत होता. त्यांनी तडक मुलीला फोन लावला.

"तुला हे माहीत होतं?"

"आईने एम.ए.चा फॉर्म भरला होता, बाबा. मूळ प्रमाणपत्र तिकडे जमा केलंय. पावती शिलाई मशीनच्या खणात असेल."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, आता भिंतीवर जागा नाही."

"अगं, थट्टा होती ती."

"ते तिला कोण सांगणार होतं?" मुलगी म्हणाली. मग आवाज बदलून, "आईच्या फोटोची फ्रेम झाली का?"

"होईल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते पावती घेऊन विद्यापीठात गेले. पदव्युत्तर प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी पावती पाहिली, फाईल काढली.

"प्रमाणपत्र परत हवं तर प्रवेश रद्द करावा लागेल, काका."

"करा."

"पण प्रवेश झालाय कुठे? विषयच लिहिलेला नाही. हे बघा."

विषयाच्या रकान्यात बायकोच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'विषय नंतर कळवते.'

"मग प्रवेश झाला नाही तर प्रमाणपत्र द्या."

"प्रमाणपत्र प्रवेश रद्द झाल्यावरच मिळतं."

"आणि प्रवेश रद्द कधी होतो?"

"प्रवेश झाल्यावर."

"म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना," फ्रेमवाले म्हणाले. "बाई, ती वारली आहे."

बाईंनी चष्मा काढला. "अरेरे. चारदा आल्या होत्या हो इथे. प्रत्येक विभागात जाऊन बसायच्या, आणि खाली येऊन म्हणायच्या, सगळंच घ्यावंसं वाटतं." त्यांनी फाईलवरची धूळ उगाच झटकली. "मृत्यूचा दाखला जोडा. विषय तुम्ही लिहिलात तरी चालेल, फक्त त्या विभागप्रमुखांची सही आणा. मग मी लगेच रद्द करते. त्यांना काय आवडायचं?"

बत्तीस वर्षांचा संसार. चहात साखर किती, पंखा कितीवर, कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं पाठ होतं. विषय माहीत नव्हता. फ्रेमवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे विचारायचं काम तुमचं होतं," ते खिडकीवर ओरडले.

"नवरा तुम्ही होतात," बाई म्हणाल्या, आणि लगेच फाईलमध्ये तोंड घातलं.

जिना चढून वर पहिलं दार इतिहासाचं, म्हणून ते इतिहासात शिरले. कोणत्या का विषयाखाली होईना, कागद निघाला की झालं. विभागप्रमुख सरांनी नाव ऐकताच खुर्ची पुढे केली.

"त्या तर आमच्याच. आमच्या यादीत दहाव्या."

"ती गेली, साहेब. सही द्या, मला रद्द करायचंय."

सरांचं पेन टोपणात परत गेलं. "रद्द? अहो, दहा विद्यार्थी नसतील तर वर्ग बंद करतात. त्या गेल्या की आम्ही नऊ."

तेवढ्यात दारातून जाणाऱ्या समाजशास्त्राच्या मॅडम नाव ऐकून थबकल्या. "कोण म्हणालात? त्या आमच्या दहाव्या आहेत."

"तुमच्या कशा?"

"माझ्या तोंडावर 'हो, येते' म्हणाल्या."

"माझ्याही तोंडावर म्हणाल्या."

समोरच्या खोलीतून मानसशास्त्राचे सर बाहेर आले. त्यांच्याही हातात यादी होती आणि यादीत दहावं नाव तेच होतं. बायको कागदोपत्री तीन वर्ग जगवून होती.

फ्रेमवाल्यांना नवल वाटलं नाही. तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. दारावर विकायला येणाऱ्यांपायी घरात सात झाडू झाले होते.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," इतिहासाचे सर पुटपुटले.

"माझ्या बायकोला चिंध्या म्हणायचं काम नाही," फ्रेमवाले म्हणाले.

"तसं नाही हो. पण तीस तारखेला याद्या पक्क्या होतात. तेवढे दिवस थांबा, आणि विषय इतिहास लिहा."

"समाजशास्त्र लिहा," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे एक कंडक्टर मुलगी आहे. ड्यूटी बदलून घेतलीये तिने या वर्गासाठी."

"अहो, ती मेली आहे," फ्रेमवाले म्हणाले.

"ते आहेच," मानसशास्त्राचे सर समजुतीने म्हणाले. "पण यादीत आहेत."

"जिवंत होती तेव्हा कुणी बस म्हणालं नाही, आणि आता तीन-तीन खुर्च्या," असं सुनावून फ्रेमवाले जिना उतरले. अर्ध्या जिन्यात त्यांना आठवलं की दुकानात खुर्ची एकच आहे. तिच्यावर ते बसत. बायको उभ्याने माउंट कापायची, फोटोभोवतीचा तो जाड कागद.

त्या आठवड्यात दुकान कधी नव्हे इतकं चाललं. सोमवारी इतिहासाचे सर आजोबांचा फोटो घेऊन आले. "घाई नाही," म्हणाले, आणि तासभर बसले. "तुमच्या मिसेसनी विचारलं होतं, जुन्या फोटोत एक तरी माणूस असा असतो की त्याचं नाव घरात कुणालाच सांगता येत नाही. तो कोण, हे कसं शोधायचं? मला उत्तर आलं नाही."

बुधवारी मॅडम आपल्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या. बावीस वर्षं तो कपाटात होता म्हणे. "त्यांनी हिशेब ठेवला होता," मॅडम म्हणाल्या. "माउंट लावताना फोटोची कड झाकली जाते. त्या कडेला कोण उभं असतं, हे त्यांनी अडीचशे फोटोंत पाहून ठेवलं होतं. बहुतेक वेळा घरची सून."

"दुकानात हे करत होती?"

"तुमच्यासमोरच."

शुक्रवारी मानसशास्त्राचे सर स्वतःचं कसलं तरी मानपत्र घेऊन आले. ते मात्र फळीकडे बघत राहिले. फळीवर वर्षानुवर्षांच्या तयार फ्रेम पडून होत्या, कुणी न नेलेल्या.

"ही फळी त्यांनी सांगितली होती मला. विचारत होत्या, माणसं गेलेल्यांचा फोटो फ्रेमला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, असं का?"

"विसरतात," फ्रेमवाले फटकन म्हणाले. "बेपर्वा असतात लोक. मी दहा-दहा निरोप धाडतो. आजकाल कुणाला कशाची चाड नाही."

"असेल," सर म्हणाले. "तुम्ही त्यांच्या फोटोला कोणती पट्टी लावली?"

फ्रेमवाल्यांनी त्यांचं मानपत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पुढच्या मंगळवारी या म्हणाले.

एकोणतीस तारखेला ते पुन्हा खिडकीशी उभे राहिले. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "ठरलं का काका? लिहा. जो लिहाल तो वर्ग तगेल, बाकीच्या दोन याद्यांतून नाव मी आजच काढते."

फ्रेमवाल्यांनी पेन उघडलं. मग बायकोच्या ओळीखाली, आपल्या बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'नंतर कळवतो.'

"अहो, असं चालत नाही."

"तिचं चाललं ना?"

"त्या विद्यार्थिनी होत्या."

"मग नियम बघा. विषय ठरला नाही तर काय करता?"

बाईंनी नियमांची वही काढली, जीभ लावून पानं उलटली. "विषय प्रलंबित असेल तर सत्र संपेपर्यंत नाव काढता येत नाही."

"कुठल्या यादीतून?"

"तेच तर. विषय ठरल्याशिवाय कुठल्या यादीतून काढू?" बाई वही मिटून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तिन्ही वर्ग चालू. काका, गेल्या खेपेला विषय विचारला नाही म्हणून माझ्यावर ओरडलात, आणि आता तुम्हीच लटकवून ठेवताय."

"कायमचं नाही लटकवत. कळवतो म्हटलंय ना."

"आणि प्रमाणपत्र?"

"राहू दे तुमच्याकडे. सांभाळा नीट, ओल लागू देऊ नका."

घरी येऊन त्यांनी झेरॉक्स परत फ्रेममध्ये घातला. खिळे हाताशी होते. तरी त्यांनी तीच जुनी चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली, आणि शेजारचं कॅलेंडर काढून भिंतीवर एक जागा मोकळी केली.

मंगळवारी मानसशास्त्राचे सर मानपत्र न्यायला आले नाहीत. मॅडमही आल्या नाहीत. आजोबांचा फोटो फळीवर जाऊन बसला. बायकोचा फोटो मुलीने निवडून दिलेला आहे, खणात पाकिटात आहे, पट्टीही कापून ठेवली आहे. माउंट कापायचा राहिला आहे.