कनिष्ठाकडून चौथे

चपलांच्या दुकानातल्या विक्रेतीचं उजव्या पायाचं चौथं बोट, म्हणजे करंगळीशेजारचं, मागे राहिलं होतं. त्यामागचं तळव्यातलं हाड जन्मतःच आखूड. दिवसभर लोकांच्या पायांत चपला सरकवताना तिच्या स्वतःच्या पायातून कळा येत, आणि मालकाने स्पष्टच सांगितलं होतं, की उभं राहता येत नसेल तर घरी बसा. डॉक्टर म्हणाले, हाड कापू, बाहेरून स्क्रू लावू, रोज थोडा थोडा फिरवत लांबवू. मंजुरी तेवढी वैद्यकीय मंडळाची हवी.

मंडळात तीन सभ्य गृहस्थ होते. त्यांनी रास्त शंका काढली, की वेदना दिसत नाही, दिसतं ते बोट. आणि जे दिसतं ते सौंदर्य, त्यावर सरकारी खर्च कसा करावा? ऐकता ऐकता पायातून कळ आली आणि विक्रेती तिथेच मटकन बसली. हे बसणं वेदनेचा पुरावा मानून मंडळाने उदार मनाने चौथं बोट मंजूर केलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरांनी मंजुरीतलं 'कनिष्ठाकडून चौथे' वाचलं आणि अंगठ्याशेजारच्या धडधाकट बोटावर खूण केली. तिची पाचावर धारण बसली. नवऱ्याने तिला चाकाच्या खुर्चीतून तडक मंडळापुढे नेलं.

"साहेब, चौथं हे," करंगळीशेजारचं बोट दाखवत ती म्हणाली.

"अंगठ्याकडून मोजलं तर," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आम्ही करंगळीकडून मोजतो. करंगळीलाच कनिष्ठिका म्हणतात, बाई. कनिष्ठाला डावलून वरून सुरुवात केली, तर फाइल खालून वर जाण्याचा नियम कुठे राहिला?"

"पण हे बोट चांगलं आहे."

"मग धोकाही कमी."

नवरा कानाशी पुटपुटला, "मिळतंय ते घे. नाही म्हटलंस तर दोन्ही बोटं हातची जातील."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. चांगलं बोट इतकं लांबलं, की दुकानातली एकही चप्पल त्याला पुरेना. कळा आता दोन जागी येऊ लागल्या आणि मालकाने तिला घरी बसवलं.

यथावकाश मंडळाने यशस्वी रुग्णांचा मेळावा घेतला. ती लंगडत व्यासपीठावर चढली. चार शब्द सुनवायचे होते, पण आखूड बोटाचा नवा अर्ज त्याच तिघांपुढे पडून होता.

"मंडळाचे उपकार विसरणार नाही," ती म्हणाली.

पहिली टाळी वाजवलीत ती तुम्ही. तुमचाही अर्ज तिथेच आहे ना?