चौसाळ्याचे लॉर्ड

आमच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, त्या दिवशी काय मिळणार होतं ते आधी मांडतो: जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या तालुकदारसाहेबांच्या बीडच्या कचेरीत बसायला खुर्ची! निजामाच्या अमलात चौसाळ्यातला माणूस तिथं उभ्यानंसुद्धा धड बोलला नव्हता. साहेब दौऱ्यावर येणार, चावडीवर नाव पुकारणार, पुढं होऊन सलाम ठोकला की खुर्ची पक्की! रुबाब दिसावा म्हणून दाजींनी त्याच दिवशी नातवाच्या जावळाचं गावजेवण घातलं.

पुण्याला इंग्रजी शिकून आलेले त्रिंबक मास्तर आदल्या दिवशी ओसरीवर टेकले.

"मोहनराव, आता तुम्ही लॉर्ड! पण मूळ अर्थ ठाऊक आहे? भाकरीचा राखणदार. घरची भाकर ज्याच्या ताब्यात, तो लॉर्ड. पुढं शब्द चढत चढत दरबारात गेला."

दाजींची मान उंटासारखी वर! "रुक्मिणी, कोठीची किल्ली आण! उद्या भाकरी मी राखणार!"

"लई बरं झालं," म्हणत ताईनं किल्ली त्यांच्या कमरेला बांधलीसुद्धा. "पर रीत ठाव हाय न्हवं? शेवटची पंगत उठेस्तोवर किल्लीवाल्यानं कोठीचा उंबरा वलांडायचा न्हाई."

"हात् तिच्या! दुपारीच उरकतंय!"

दुपारी नारायणगडाच्या दर्शनाहून परतणारी माणसं लोटली. पंगतीवर पंगत! शेवटची उठत आली तेव्हा समोरच्या चावडीवर साहेबांचा घोडा थांबलेला, आणि पानावर एकटा म्हातारा हरिबा. तोंडात दात औषधाला नाही.

"मोहनराव किधर है? सामने आव!" चावडीवरून पुकारा झाला.

दाजींचा एक पाय कोठीत, दुसरा हवेत. "आजा, आटपा की!"

"घाई कावून? कुस्करून खातूय."

"मोहनराव!" दुसरा पुकारा.

सगळी आळी श्वास धरून हरिबाच्या जबड्याकडं बघत होती. जबडा थांबला. दाजी सरसावले.

"पोरा," हरिबा म्हणाला, "अजून एक भाकर वाढ."

तिसऱ्या पुकाऱ्याला राधाकिशन पुढं झाला. दाजींशी बांधावरून वैर असलेला, दाजींच्याच पंगतीत जेवून तृप्त झालेला! त्यानं सलाम ठोकला तो तुपकट हातानंच. साहेबांना सलामाशी मतलब; खुर्ची त्याच्या नावे झाली आणि घोडा निघून गेला.

संध्याकाळी उपाशी दाजींनी टोपलं उपडं केलं. चुरासुद्धा नाही! ते ओसरीवरच्या मास्तरांकडं वळले.

"मास्तर, लॉर्डाच्या बायकोला काय म्हणत्यात?"

"लेडी. मूळ अर्थ, पीठ मळणारी."

"रुक्मिणी, ऐकलंस?"

"ऐकलं! लगीन झाल्यापून आज पयल्यांदा पयल्या पंगतीला बसून ऊन-ऊन जेवले. लेडी आता पडती जरा. पीठ कोठीत हाय, किल्ली तुमच्याच कमरेला!"

तर हिशेब असा. खुर्ची राधाकिशनला, ऊन जेवण ताईला, आणि हरिबाचं तर विचारूच नका. भरलं सगळं लॉर्डसाहेबांनी. फक्त त्यांनी थापलेली पहिली भाकरी पाहुणा म्हणून मला वाढली गेली. तिचा भुर्दंड मात्र मी भरला!