हाई कितलाले पडस?

आमच्या शेजारच्या नानांच्या कुठल्याही वस्तूला हात लावा, नाना आधी तिची किंमत सांगणार. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर नुसता कोपर टेकला की विचारतात, "हाई कितलाले पडस, माहीत शे का तुले?" आणि लगेच आकडा. ट्रॉलीच्या टायरला लाथ मारून हवा बघितली, की चारही टायरांचा हिशोब. स्वतः चपला काढून ट्रॅक्टरवर चढतात. का, तर क्लच घासतो! एकदा माझ्या बायकोनं चहा दिला, तर कप न्याहाळून म्हणाले, "यानापेक्षा मना ऑइल फिल्टर महाग शे." आता बोला!

यंदा गहू काढायच्या दिवशी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. भरदुपारी आभाळ काळंठिक्कर. शेजारच्या गावात गारा पडल्याचा फोन आला. आमच्याकडे आलेला हार्वेस्टर एकच, आणि पहिला नंबर नानांचा. मी हात चोळत उभा.

"मना गहू अजून ओला शे," नाना म्हणाले. "पहिले तुना काढ. ट्रॉली मी लावस."

हार्वेस्टर धावायला लागला, नाना त्याच्या बगलेला ट्रॉली धरून. थांबायला सवडच नव्हती. चालता चालता नळीतून गहू ट्रॉलीत पडायचा. जरा मागेपुढे झालं की दाणे मातीत. मी ट्रॉलीत उभा राहून फावड्यानं ढीग पसरत होतो. तेवढ्यात वीज कडाडली.

"नाना, पळवा की!"

"गिअरबॉक्स कितलाले पडस?"

अरे देवा! इथं माझ्या घरादाराचं वर्षाचं खाणं उघड्यावर, आणि या म्हाताऱ्याला गिअरबॉक्सची पडलीय! मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

शेवटचा पट्टा निघाला आणि पहिली गार फावड्यावर टणकन आपटली. मग मात्र नानांनी गिअरबॉक्स पाहिला नाही, काही नाही. बांधावरून ट्रॉली अशी उडवली की मी गव्हात उताणा. थेट माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन थांबले. गहू कोरडा! मी आनंदानं मिठी मारली, तर म्हणाले, "सोड, सदरा नवा शे."

गारा थांबल्यावर ते शेताकडे गेले. मीही मागोमाग गेलो. नानांचा गहू साफ झोपला होता. मी एक ओंबी चोळून दाणा दाताखाली धरला. कटकन फुटला. ओला गहू चिवट लागतो, असा फुटत नाही.

नाना बांधावर बसून अनवाणी पायांचा चिखल काढत होते.

"नाना, तुमचा गहू वाळलेला होता. खोटं का बोललात?"

"तुना घर सात तोंडं शेतस," ते म्हणाले. "मना घर कोन शे? पोरगा सुरतले, मी अठे एकला. ट्रॅक्टरले गहू लागस का?"

मला रडूच आलं. "केवढ्याचा गेला, नाना?"

त्यांनी दुसऱ्या पायाचा चिखल काढायला घेतला. आकडा काही आला नाही.

"आज तुना घर जेवाले येऊ का?" त्यांनी हळूच विचारलं.

इतक्या वर्षांत नानांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.